ग्रीन एनर्जीचा बिझनेस करायचाय? सरकारची मदत कुठे, किती आणि कधी मिळते, सगळं एका ठिकाणी

"सोलरवर 78 हजार सबसिडी" अशा रील्स तुम्ही नक्की पाहिल्या असतील. पण त्या असतात घरावर पॅनल लावणाऱ्या ग्राहकासाठी. ज्याला पॅनल बसवायचा धंदा टाकायचाय, बॅटरी रिपेअर करायचीय, नवीन चार्जर बनवायचाय किंवा कॉलेजच्या लॅबमधल्या शोधाची कंपनी करायचीय, त्याला सरकार काय देतं? ही माहिती एका ठिकाणी क्वचितच सापडते, आणि सापडली तरी सरकारी भाषेत.

या लेखात आपण तीच माहिती सोप्या मराठीत बघू. उदाहरणं मुंबई शहरातली आहेत: गिरगाव, दादर, परळ, लालबाग, माटुंगा. पण नियम महाराष्ट्रातल्या बहुतेकांना लागू पडतात.

थोडक्यात सांगायचं तर

- सरकारी मदत म्हणजे फक्त रोख अनुदान नाही. करसवलत, कर्जाची हमी आणि सरकारी ऑर्डर हीसुद्धा मदतच आहे.
- बहुतेक पैसा काम झाल्यावर मिळतो, आधी नाही. त्यामुळे सुरुवातीचं भांडवल लागतंच.
- छोट्या धंद्यासाठी आणि नवीन तंत्रज्ञानाच्या स्टार्टअपसाठी योजना वेगवेगळ्या आहेत. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.
- स्टार्टअप इंडिया आणि उद्यम नोंदणी फुकट आहे. कोणी पैसे मागितले तर सावध व्हा.

सरकार या धंद्याला मदत का करतं?

कारण सरळ आहे. नवीन ऊर्जा तंत्रज्ञान सुरुवातीला महाग असतं. पहिली बॅटरी फॅक्टरी जो काढतो त्याला जास्त खर्च येतो, दहाव्याला कमी येतो. मग पहिला कोण होणार? बँक नवीन तंत्रज्ञानाला कर्ज द्यायला घाबरते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "आधी दुसऱ्याकडे चालू दे, मग बघू." ही मधली दरी ओलांडायला सरकार हात देतं.

दुसरं कारण आयातीचं. आपलं कच्चं तेल मोठ्या प्रमाणावर बाहेरून येतं. उद्या तेलाच्या जागी बॅटरी आणि सोलर सेल आले आणि तेही बाहेरूनच आणावे लागले, तर अडचण तशीच राहणार. म्हणून या वस्तू इथेच बनाव्यात यासाठी योजना आहेत.

गिरणगाव आणि खोपोली: शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट

हे सगळं नवीन आहे असं वाटत असेल तर जरा मागे जाऊ. एकेकाळी मुंबईच्या कापड गिरण्या कोळशावर चालायच्या. सह्याद्रीत पडणारा पाऊस अडवून त्यावर वीज करायची आणि ती मुंबईला आणायची, ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. ते 1904 मध्ये वारले. पुढे 1910 मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली आणि 1915 मध्ये खोपोलीच्या केंद्रातून वीज सुरू झाली. लोणावळ्याच्या परिसरातल्या तलावांचं पाणी घाट उतरून टर्बाइन फिरवायचं आणि ती वीज मुंबईतल्या गिरण्यांना मिळायची. म्हणजे आपण आज ज्याला रिन्यूएबल एनर्जी म्हणतो, ती गिरणगावात शंभर वर्षांपूर्वीच पोचली होती.

यात सरकारने काय दिलं? परवाना दिला आणि जमीन मिळवून दिली. पुढे मुळशी धरणाच्या वेळी हीच मदत वादात सापडली. भूसंपादन कायद्याने शेतकऱ्यांच्या जमिनी कंपनीसाठी घेतल्या गेल्या. त्याविरोधात 1921 मध्ये सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट हे त्याचे नेते. सत्याग्रह मोडला, धरण झालं आणि 1927 मध्ये भिऱ्याचं वीज केंद्र सुरू झालं. मुंबईला वीज मिळाली, पण मावळातल्या गावांनी जमीन गमावली.

हा इतिहास इथे सांगायचं कारण असं की सरकारी मदत आकाशातून पडत नाही. ती कोणाच्या तरी खिशातून येते: करदात्याच्या, वीजग्राहकाच्या किंवा जमीनमालकाच्या. म्हणून कोणतीही योजना वाचताना "मला काय मिळतं" याबरोबर "हे कोण देतंय" हेही बघायचं. आजही तोच प्रश्न आहे. एखाद्या उद्योगाला वीजवहनाचा आकार माफ केला, तर तारा आणि खांब सांभाळायचा खर्च काही संपत नाही. तो इतर ग्राहकांच्या बिलावर तरी जातो, नाहीतर सरकारच्या तिजोरीवर.

मदतीचे पाच प्रकार

योजनांची नावं बदलत राहतात. प्रकार मात्र हेच पाच. हे समजले की कुठलीही नवीन घोषणा दोन मिनिटांत कळते.

1. भांडवली अनुदान. यंत्र, प्लांट किंवा प्रोजेक्टच्या खर्चातला काही वाटा सरकार देतं. उदाहरणार्थ, पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेत घरासाठी 1 किलोवॅटला 30,000, 2 किलोवॅटला 60,000 आणि 3 किलोवॅट किंवा त्याहून जास्त असेल तर 78,000 रुपये मिळतात. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये 75,021 कोटी रुपयांची ही योजना मंजूर केली. पैसे ग्राहकाच्या खात्यात जातात, पण फायदा धंद्यालाही होतो. अनुदान हवं असेल तर पॅनलमधले सेल भारतात बनलेलेच लागतात. म्हणजे देशी कारखान्याला मागणी मिळते आणि पॅनल बसवणाऱ्या छोट्या व्हेंडरला काम मिळतं.

2. उत्पादनावर प्रोत्साहन. "आधी बनवा, विका, मग पैसे घ्या" असा हा प्रकार. यालाच पीएलआय म्हणतात. प्रगत बॅटरी सेलसाठी 2021 मध्ये 18,100 कोटींची योजना मंजूर झाली, उद्दिष्ट 50 गिगावॅट-तास क्षमतेचं. सोलर मॉड्यूलसाठी दोन टप्प्यांत मिळून 24,000 कोटी ठेवले आहेत. इथे पैसे घोषणेवर मिळत नाहीत, विक्रीवर मिळतात. कारखाना ठरलेल्या वेळेत उभा राहिला नाही तर दंडाची तरतूदही आहे. हा खेळ मोठ्या कंपन्यांचा, पण त्यांना माल पुरवणारे छोटे उद्योग यातून उभे राहू शकतात.

3. कर आणि शुल्कात सवलत. इथे सरकार हातात काही देत नाही, कमी घेतं. सप्टेंबर 2025 पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, हे ताजं उदाहरण. जुनं उदाहरण आहे पवनचक्क्यांचं. साताऱ्याचं चाळकेवाडी-वनकुसवडे पठार किंवा धुळ्याचं ब्राह्मणवेल बघितलंय का? तिथल्या पवनचक्क्यांमागे वेगवर्धित घसारा ही सवलत होती. एक कोटीची पवनचक्की घेतली तर पहिल्याच वर्षी 80 लाख खर्च दाखवता यायचा, म्हणजे कर वाचायचा. त्यामुळे ज्यांचा विजेशी काही संबंध नाही अशा कंपन्यांनीही पवनचक्क्या लावल्या. अडचण अशी की पवनचक्की किती फिरते याच्याशी सवलतीचा संबंधच नव्हता. म्हणून 2009 मध्ये केंद्राने तयार झालेल्या प्रत्येक युनिटमागे 50 पैसे द्यायची योजना आणली. एप्रिल 2017 पासून घसाऱ्याचा दर 80 वरून 40 टक्के केला.

4. कर्ज आणि हमी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी केंद्राचा पत हमी निधी आहे. बँकेने तारण न घेता कर्ज दिलं आणि ते बुडालं, तर नुकसानाचा मोठा भाग हा निधी भरून देतो. एप्रिल 2025 पासून ही मर्यादा 10 कोटींपर्यंत नेली आहे. लक्षात ठेवा, हमी बँकेला मिळते, तुम्हाला नाही. तुमचं कर्ज माफ होत नाही. मोठ्या अक्षय ऊर्जा प्रकल्पांसाठी इरेडा ही 1987 पासून काम करणारी सरकारी वित्तसंस्था आहे.

5. सरकार स्वतःच गिऱ्हाईक. माझ्या मते हा सगळ्यात परिणामकारक प्रकार आहे. दादर किंवा परळच्या रस्त्यावर धावणारी बेस्टची इलेक्ट्रिक एसी बस बघा. यातल्या बहुतेक बस बेस्टच्या मालकीच्या नाहीत. कंपनी बस आणते, सांभाळते आणि किलोमीटरच्या हिशोबाने बेस्टकडून पैसे घेते. फेम-2 योजनेत बेस्टच्या 340 बसची अशी ऑर्डर टाटा मोटर्सला मिळाली होती. बस घ्यायला केंद्राचं अनुदान आणि पुढे अनेक वर्षांचं ठरलेलं काम, अशी दुहेरी मदत त्यात होती. फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झालेली इलेक्ट्रिक डबलडेकरही अशाच भाडे पद्धतीची. पण याची दुसरी बाजूही आहे. गिऱ्हाईक तोट्यात असेल तर ठेकेदाराचे पैसे अडकू शकतात आणि बस बंद पडली की बसथांब्यावर प्रवासी ताटकळतात.

माटुंग्याची केस: लॅबपासून प्लांटपर्यंत किती वेळ लागतो?

दादरच्या पुढचं स्टेशन माटुंगा. तिथली आयसीटी म्हणजेच रसायन तंत्रज्ञान संस्था तुम्हाला माहीत असेल. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली ही संस्था जुन्या लोकांच्या तोंडी अजून यूडीसीटीच आहे. मुकेश अंबानी इथेच केमिकल इंजिनिअरिंग शिकले.

या संस्थेत केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पैशातून ऊर्जा जैवविज्ञान केंद्र उभं राहिलं. देशातलं हे पहिलं राष्ट्रीय बायोएनर्जी संशोधन केंद्र. प्राध्यापक अरविंद लाली यांच्या नेतृत्वाखाली तिथे एका अवघड प्रश्नावर काम झालं: भाताचा पेंढा, गव्हाचं काड, उसाचं पाचट अशा शेतातल्या कचऱ्यापासून इथेनॉल कसं काढायचं? उसाच्या मळीपासून इथेनॉल काढणं सोपं, कारण त्यात साखर तयारच असते. काडीकचऱ्यात ती साखर सेल्युलोजच्या रूपात घट्ट बांधलेली असते. ती सोडवायला एन्झाइम लागतात आणि तेच महाग पडतात. यालाच सेकंड जनरेशन किंवा 2जी इथेनॉल म्हणतात.

लॅबमध्ये जमलं म्हणून कारखाना उभा राहत नाही. मध्ये प्रात्यक्षिक प्लांट लागतो. तो उत्तराखंडमध्ये काशीपूरला इंडिया ग्लायकॉल्स कंपनीच्या आवारात उभा राहिला, रोज 10 टन काडीकचरा वापरणारा. एप्रिल 2016 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. म्हणजे शोध माटुंग्याचा, पैसा बराचसा सरकारचा आणि जागा खासगी कंपनीची.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे व्यावसायिक कारखाना. त्यासाठी केंद्राने 2019 मध्ये जी-वन योजना आणली. 1,969.50 कोटींच्या या योजनेत व्यावसायिक प्रकल्पाला 150 कोटींपर्यंत आणि प्रात्यक्षिक प्रकल्पाला 15 कोटींपर्यंत मदत ठेवली.

या केसमधून दोन गोष्टी शिकायच्या. एक, ऊर्जा तंत्रज्ञान म्हणजे ॲप नाही. ॲप सहा महिन्यांत बाजारात येतं, इथे दहा वर्षं सहज जातात. दोन, प्रत्येक टप्प्याला मदत करणारी योजना आणि खातं वेगळं असतं. म्हणून तुम्ही कुठल्या टप्प्यावर आहात हे आधी ओळखा.

तुम्ही कुठल्या टप्प्यावर आहात?

फक्त आयडिया आहे, प्रोटोटाइप बनवायचाय: केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या निधी-प्रयास योजनेत प्रोटोटाइपसाठी 10 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. विषय जैवइंधन किंवा एन्झाइमसारखा असेल तर बायरॅकची बिग ग्रँट बघा, ती 50 लाखांपर्यंत असते. दोन्हीकडे अर्ज इन्क्युबेशन सेंटरच्या माध्यमातून होतो. मुंबई शहरात माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये इन्क्युबेटर आहे, आणि पवईला आयआयटी मुंबईचं साइन आहे.

कंपनी काढली आहे: सगळ्यात आधी केंद्राच्या डीपीआयआयटीकडून स्टार्टअप मान्यता घ्या. ऑनलाइन आणि फुकट. यामुळे पेटंटच्या फीमध्ये 80 टक्के सूट मिळते. पात्र ठरलात तर पहिल्या दहा वर्षांपैकी कोणतीही सलग तीन वर्षं नफ्यावर आयकर माफ होऊ शकतो, पण त्याला वेगळी मंजुरी लागते. मान्यता मिळाली की माफी आपोआप मिळते असं नाही.

पहिला पैसा हवाय: स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत 20 लाखांपर्यंत अनुदान आणि पुढे 50 लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय रोख्यांच्या रूपात मदत ठेवली होती. इथे एक अट बरेच जण विसरतात. कंपनी अर्जाच्या वेळी दोन वर्षांपेक्षा जुनी नको, आणि दुसऱ्या सरकारी योजनेतून 10 लाखांपेक्षा जास्त आर्थिक मदत घेतलेली नको. म्हणजे कुठली योजना आधी घ्यायची याचा क्रमही विचार करून ठरवावा लागतो.

पहिलं गिऱ्हाईक हवंय: महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीचा स्टार्टअप वीक बघा. 2018 पासून चालणाऱ्या या उपक्रमात निवडलेल्या 24 स्टार्टअप्सना सरकारी विभागासोबत प्रयोग करायची वर्क ऑर्डर मिळते. सुरुवातीला ती 15 लाखांपर्यंत होती, नंतर मर्यादा 25 लाखांपर्यंत वाढवली. स्वच्छ ऊर्जा हा त्यातला एक विषय असतो. शिवाय ऑगस्ट 2025 मध्ये राज्याने नवीन स्टार्टअप धोरण मंजूर केलं आणि त्यात 500 कोटींचा मुख्यमंत्री महाफंड जाहीर केला.

तंत्रज्ञान चालतंय, मोठं करायचंय: पीएम सूर्यघर योजनेतच नावीन्यपूर्ण प्रकल्पांसाठी 500 कोटी बाजूला ठेवले आहेत. रूफटॉप सोलरमध्ये नवीन तंत्र किंवा नवीन बिझनेस मॉडेल असेल तर खर्चाच्या 60 टक्के किंवा 30 कोटी, यातली कमी असेल तेवढी मदत मिळू शकते. शेजाऱ्याला सोलर वीज विकायची सोय किंवा गाडीच्या बॅटरीतून ग्रिडला वीज परत देणं, असे विषय यात येतात. त्याहून खोल संशोधनासाठी जुलै 2025 मध्ये केंद्राने 1 लाख कोटींच्या संशोधन, विकास आणि नावीन्य निधीला मान्यता दिली. तो अनुदान म्हणून वाटायचा नाही, तर कमी व्याजाचं दीर्घ मुदतीचं कर्ज किंवा भागभांडवल म्हणून द्यायचा आहे.

स्टार्टअप नाही, साधा धंदा करायचाय? हा हिशोब बघा

सगळ्यांनाच काही शोध लावायचा नसतो. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन केलेला एखादा मुलगा किंवा मुलगी दादरला गाळा भाड्याने घेऊन सोलर बसवणं, इन्व्हर्टर सर्व्हिस, ई-बाइक चार्जर अशी कामं करू शकते. त्यासाठी केंद्राचा पीएमईजीपी आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. कौशल्य कमी पडत असेल तर सोलर तंत्रज्ञ तयार करणारं सूर्यमित्र प्रशिक्षण 2015 पासून चालू आहे.

पीएमईजीपीत सेवा उद्योगाची मर्यादा 20 लाख आणि उत्पादनाची 50 लाख. समजा सेवा उद्योगाचा प्रोजेक्ट पूर्ण 20 लाखांचा आहे. मुंबई शहरी भागात येते, म्हणून हिशोब असा:

- खुला प्रवर्ग, पुरुष: स्वतःचे 10 टक्के म्हणजे 2 लाख. अनुदान 15 टक्के म्हणजे 3 लाख. उरलेलं 15 लाख कर्ज.
- महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, दिव्यांग, माजी सैनिक: स्वतःचे 5 टक्के म्हणजे 1 लाख. अनुदान 25 टक्के म्हणजे 5 लाख. उरलेलं 14 लाख कर्ज.

सेवा उद्योगाचा प्रोजेक्ट 5 लाखांपेक्षा आणि उत्पादनाचा 10 लाखांपेक्षा मोठा असेल तर किमान आठवी पास असणं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हे अनुदान तुमच्या हातात येत नाही. ते बँकेत तुमच्या नावाने मुदत ठेवीत तीन वर्षं अडकून राहतं. धंदा चालू आहे अशी तपासणी झाल्यावर ते कर्जात जमा होतं. मधेच धंदा बंद केला तर अनुदान परत जातं आणि कर्ज मात्र तुमच्याच अंगावर राहतं. म्हणून "सबसिडी मिळतेय म्हणून धंदा" हा विचार धोक्याचा. धंदा आधी कागदावर सबसिडीशिवाय जमला पाहिजे.

लालबागच्या सोसायटीत काम मिळालं तर?

गिरगाव ते सायन-माहीमपर्यंत मुंबई शहरात घरोघरी वीज मुख्यतः बेस्टची. त्यामुळे सोलर जोडणी आणि नेट मीटरचं काम बेस्टकडे. नेट मीटरचे नियम ठरवतो महाराष्ट्र वीज नियामक आयोग, त्याचं ऑफिस कफ परेडला.

समजा लालबागला पुनर्विकास झालेली 40 घरांची सोसायटी आहे. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी तिला 20 किलोवॅटचं सोलर लावायचंय.

- जागा: 1 किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट, म्हणजे सावली न पडणारी सुमारे 2,000 चौरस फूट गच्ची.
- वीज: 1 किलोवॅटमागे महिन्याला साधारण 120 युनिट, म्हणजे 2,400 युनिट. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त.
- अनुदान: सोसायटीच्या सामायिक सोयींसाठी दर किलोवॅटला 18,000, म्हणजे 3,60,000 रुपये.
- मर्यादा: दर घरामागे 3 किलोवॅट, म्हणजे या सोसायटीला 120 किलोवॅटपर्यंत, आणि कितीही मोठी सोसायटी असली तरी 500 किलोवॅट.

इथे व्हेंडर म्हणून तुमची खरी परीक्षा असते. अनुदान काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर सोसायटीच्या खात्यात येतं. तोपर्यंत पॅनल, इन्व्हर्टर आणि मजुरीचे पैसे कोण घालणार हे करारातच लिहून घ्या. चांगलं काम करणारे छोटे व्हेंडरही नफा कमी म्हणून नाही, तर पैसे अडकले म्हणून अडचणीत येतात.

आणि एक खरी गोष्ट मान्य करायला हवी. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींना या योजनेचा फायदा सहज मिळत नाही. छप्पर कौलारू किंवा पत्र्याचं, इमारत जुनी, गच्चीवर हक्क कोणाचा याचा वाद, शेजारी टॉवर उभा राहिला की सावली. भाडेकरूला छपराचा हक्कच नसतो. म्हणजे ज्याच्याकडे गच्ची आहे त्यालाच अनुदान, असं होतं. या लोकांपर्यंत स्वस्त सोलर वीज कशी पोचवायची याचं चालणारं मॉडेल जो काढेल त्याला मुंबईत काम कमी पडणार नाही.

ग्रीन हायड्रोजन: सगळ्यात मोठ्या आकड्यांची योजना

सोलर किंवा पवनऊर्जेच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा केला की तो ग्रीन हायड्रोजन. मुंबईत हायड्रोजन नवीन नाही. माहुलच्या रिफायनऱ्या आणि चेंबूरचा आरसीएफ खत कारखाना तो आधीपासून वापरतात, पण तो येतो मुख्यतः नैसर्गिक वायूसारख्या जीवाश्म इंधनातून. तो बदलायचा हे उद्दिष्ट.

केंद्राचं राष्ट्रीय मिशन जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटींचं मंजूर झालं. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्राने आपलं धोरण मंजूर केलं, तरतूद 8,562 कोटींची. अंमलबजावणी महाऊर्जाकडे. त्यातल्या काही सवलती:

- पहिल्या 20 हायड्रोजन पंपांना खर्चाच्या 30 टक्के, कमाल 4.5 कोटी.
- हायड्रोजनवर चालणाऱ्या पहिल्या 500 प्रवासी गाड्यांना किमतीच्या 30 टक्के, कमाल 60 लाख.
- पाइप गॅसमध्ये ग्रीन हायड्रोजन मिसळला तर पाच वर्षं किलोमागे 50 रुपये.
- वीजवहन आकारात आणि वीज शुल्कात दहा वर्षं किंवा जास्त काळ सूट.

"पहिल्या 20", "पहिल्या 500" हे शब्द नीट बघा. नवीन तंत्रज्ञानाची मदत बहुतेक वेळा आधी येणाऱ्यालाच असते. ई-गाड्यांचंही तसंच. राज्याचं 2021 चं ईव्ही धोरण संपलं, मग एप्रिल 2025 मध्ये 2030 पर्यंतचं नवीन धोरण आलं. शिवडीहून निघणाऱ्या अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी मिळाली ती त्यामुळेच.

अर्ज करताना हे तपासा

1. मुदत. योजना चालू आहे का, बजेट शिल्लक आहे का, हे अधिकृत पोर्टलवरच बघा. जुनी रील किंवा व्हॉट्सॲप फॉरवर्ड पुरेसं नाही.
2. वेबसाइटचा पत्ता. केंद्राचे पोर्टल "गव्ह डॉट इन" किंवा "निक डॉट इन"ने संपतात. सूर्यघरच्या नावाने लिंक पाठवून ॲप डाउनलोड करायला सांगितलं तर करू नका.
3. फी. उद्यम नोंदणी आणि स्टार्टअप मान्यता दोन्ही फुकट. ओटीपी तर कोणालाच देऊ नका.
4. क्रम. बऱ्याच योजनांत मंजुरीच्या आधी केलेला खर्च धरत नाहीत. घाई करून मशीन आणू नका.
5. कागद. आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, जागेचा भाडेकरार, प्रोजेक्ट रिपोर्ट, जातीचा दाखला असेल तर तो. सगळ्यांवर नाव एकसारखं हवं. मोबाइलमध्ये स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजमध्ये असताना अर्ज करता येतो का?
हो. प्रोटोटाइपच्या टप्प्यावरच्या योजनांसाठी कॉलेजच्या इन्क्युबेटरमध्ये चौकशी करा. पीएमईजीपीसाठी वय 18 पूर्ण हवं.

सबसिडी आणि ग्रँट एकच का?
मराठीत दोन्हीला अनुदान म्हणतात, पण फरक आहे. सबसिडी खर्चाच्या किंवा विक्रीच्या हिशोबाने मिळते. ग्रँट ठराविक कामासाठी टप्प्याटप्प्याने मिळते आणि प्रत्येक टप्प्याला काय केलं ते दाखवावं लागतं.

ग्रँट घेतली तर सरकार कंपनीत हिस्सा मागतं का?
शुद्ध अनुदानात सहसा नाही. पण परिवर्तनीय रोख्यांत पुढे हिस्सा जातो, आणि काही इन्क्युबेटर स्वतःच्या करारात थोडा हिस्सा घेतात. सही करण्याआधी तो मुद्दा वाचा.

पॅनल बसवायचा व्हेंडर व्हायला काय लागतं?
वीज काम करायचा परवाना, जीएसटी नोंदणी आणि वीज वितरण कंपनीकडे किंवा योजनेच्या पोर्टलवर व्हेंडर म्हणून नोंदणी. परवाना नसेल तर सुरुवातीला परवानाधारक कंत्राटदाराबरोबर काम करून अनुभव घ्या.

योजना मधेच बंद झाली तर?
मंजुरीपत्र हातात असेल तर ते जपून ठेवा, त्यातल्या अटीच पुढे महत्त्वाच्या ठरतात. नसेल तर काही हक्क सांगता येत नाही. म्हणून पैसे गुंतवण्याआधी लेखी मंजुरीची वाट बघा, आणि हिशोब असा मांडा की अनुदान सहा महिने उशिरा आलं तरी तुमच्या माणसांचा पगार थांबणार नाही.